शत्रू नसलेलं सैन्य

आजचं बोलणं दिवाळीच्या किल्ल्यावर आहे. म्हणजे किल्ल्यापेक्षा त्याच्यावर मांडलेल्या सैन्यावर जास्त. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. ते पुढे कळेल.

आमच्या ईश्वरपुरात, म्हणजे पूर्वीच्या इस्लामपुरात, सहामाही परीक्षा संपली की गल्लीगल्लीत पोरं विटांचे तुकडे गोळा करायला लागतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, मग तटबंदी, बुरूज, पायऱ्या. उतारावर आळीव नाहीतर मोहरी टाकायची, चार दिवसांत हिरवळ येते. हे सगळं झालं की गेल्या वर्षी कागदात गुंडाळून ठेवलेले मावळे बाहेर निघतात. कुणाचा भाला मोडलेला, कुणाचं नाक गेलेलं. महाराज सिंहासनावर, दाराशी तोफ, पायथ्याशी गवळण.

एकाच काळाचं, एकाच कथेचं छोटं सैन्य जमवायचं आणि त्याच्यासाठी भूमी रचायची, हा उद्योग जगात इतर ठिकाणीही चालतो. प्रशियात रायस्विट्झ बाप-लेकांनी तो सरदारांसाठी केला. मुलाने १८२४ मध्ये सुधारून दिलेल्या युद्धखेळात नकाशावर ठोकळे असत, फासे असत आणि मध्ये एक पंच असे. तुमच्या तुकडीला जेवढं दिसेल तेवढंच पंच तुम्हाला सांगणार. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून जमिनीवर शिशाचे शिपाई मांडून खेळायचे नियम दिले, आणि पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध पेटलं. १९८३ पासून ‘वॉरहॅमर’ आहे. त्यातले लोक बोटभर उंचीचे सैनिक महिनोन्महिने रंगवतात. प्रत्येक तुकडीला गुणांची किंमत असते आणि ठरलेल्या गुणांत सैन्य बसवायचं असतं. त्यातही काही जण ‘थीम’ घेऊन सैन्य उभारतात. म्हणजे काय, तर अमुक तुकडी ताकदवान असली तरी ती माझ्या कथेत बसत नाही, म्हणून मी ती घेणार नाही. हरलो तरी चालेल. हा संयम आम्हाला फार आवडतो. कथेसाठी स्वतःवर घातलेलं बंधन आहे ते.

आता आमची टीका. ती पोरांवर नाही, मोठ्यांनी या किल्ल्याचं जे करून ठेवलंय त्याच्यावर आहे. आमच्या किल्ल्यावर थीम आहे, सैन्य आहे, भूमी तर अशी की परदेशी खेळाडूने हेवा करावा. नाही तो फक्त शत्रू. पायथ्याला वेढा नसतो, समोर छावणी नसते. तोफ कुणावर रोखलीय? समोरच्या गटारावर! आणि शत्रू नाही म्हणून खेळही नाही. पाच-सहा दिवस सैन्य जागच्या जागी उभं, आणि मग पुन्हा कागदात.

आपल्या परंपरेत वादाची एक शिस्त होती. सिद्धान्त मांडायचा तर आधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि तोही दुबळा करून नाही, तर पूर्ण ताकदीने, प्रतिपक्ष्याला स्वतःला मांडता आला असता तसा. मग त्याचं खंडन. पूर्वपक्ष गाळून सांगितलेला सिद्धान्त म्हणजे नुसती घोषणा. दिवाळीचा किल्ला हळूहळू असा पूर्वपक्ष नसलेला सिद्धान्त होत चाललाय.

पन्हाळ्याचं उदाहरण घेऊ. वारणा ओलांडली की पन्हाळा आपल्याला लांब नाही, आणि गल्लीतला दर तिसरा किल्ला पन्हाळाच असतो. मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला तो भर पावसाळ्यातही उठला नाही. राजापूरच्या इंग्रजांनी त्याला तोफांची मदत केली. जुलैमध्ये एका रात्री महाराज निसटले. दुसऱ्या पालखीत शिवा काशीद बसला, असं परंपरा सांगते. खिंडीत बाजीप्रभू मूठभर माणसांनिशी उभे राहिले, महाराज विशाळगडावर पोचले. इथवर तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच वर्षी पन्हाळा आदिलशाहीला द्यावा लागला आणि तो परत यायला १६७३ साल उजाडलं, कोंडाजी फर्जंदाच्या साठ माणसांनी तो घेतला तेव्हा. म्हणजे तेरा वर्षं त्या गडावर भगवा नव्हता. आमच्या अंगणातल्या पन्हाळ्यावर तो कायम असतो. किल्ला गेला पण राजा वाचला, हा हिशेब त्या सबंध मोहिमेचा गाभा आहे, आणि स्थिर मांडणीत नेमका तोच दाखवता येत नाही.

बरं, शत्रू मांडायचा म्हटलं तर आधी तो कोण हे शोधावं लागतं. इथे खरी गंमत आहे. रंग घेऊन बसा आणि १६६० ची दोन्ही सैन्यं रंगवा. जौहरच्या बाजूला मुधोळचे बाजी घोरपडे निघतात. विशाळगडाच्या पायथ्याशी महाराजांची वाट अडवून कोण बसलंय? शृंगारपूरचे सुर्वे आणि पालवणीचे दळवी. आणि वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर कोण येतो? सिद्दी हिलाल. त्याचा मुलगा त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला. आता सांगा, कुठल्या डबीतला रंग कुठल्या बाजूला लावणार? शत्रू गाळला की हा प्रश्नच येत नाही. मग ज्याच्या त्याच्या मनात जो शत्रू असेल तो त्या मोकळ्या जागेत येऊन बसतो. आमच्यासारख्या गावात, जिथे किल्ला बांधणाऱ्या पोरांच्या टोळीत सगळ्या घरांतली पोरं असायची आणि अजूनही काही गल्ल्यांत असतात, तिथे ही जागा मोकळी ठेवणं आम्हाला बरं वाटत नाही. रिकामी जागा निरागस नसते.

स्वतःचं सैन्य तरी नीट मांडतो का आपण? साच्यातून निघालेले मावळे सगळे एकाच चेहऱ्याचे. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली. तिच्यात पागेची रचना दिलीय. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. हे वाक्य आम्ही वर्गात अनेक वर्षं सांगत आलो, इतिहासाचा तास नसतानाही. घोड्याला पाणी कोण पाजणार आणि नाल कोण ठोकणार याचा विचार करणारं ते राज्य होतं. पखाल घेतलेला माणूस आमच्या बाजारात मावळ्यांच्या ढिगात कधी दिसला नाही. थीमवाला सैन्यबांधणारा असता तर त्याने तो आधी शोधला असता, मिळाला नसता तर चिकणमातीचा स्वतः केला असता.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, तो मांडायलाच हवा, नाहीतर आम्हीच पूर्वपक्ष गाळल्यासारखं होईल. लोक म्हणतात, सर, किल्ला हा खेळ नाहीच. ती मानवंदना आहे. गणपतीच्या आराशीत कुणी फासे टाकत नाही. आणि महाराजांच्या बाजूने खेळणारा पोरगा हरला तर? किंवा एखाद्या पोराला जौहर व्हावं लागलं तर?

मानवंदना आम्हाला मान्य आहे. पण मग मावळे कशाला, नुसती मूर्ती पुरे. सैन्य मांडलं की हालचाल आली, डाव आला. दुसरी बाजू घेण्याच्या भीतीबद्दल म्हणाल, तर आपला जिल्हा बुद्धिबळाचा. सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने आणि भाऊसाहेब पडसलगीकरांनी पोरांच्या पिढ्या पटावर बसवल्या. तिथे कुठल्या पोराने काळी मोहरी घ्यायला नकार दिला? काळ्याने खेळताना पांढऱ्याचा डाव जास्त कळतो. जौहर होऊन भर पावसात वेढा टिकवून बघा, पन्हाळ्यावरून निसटणं केवढं अवघड होतं ते तेव्हा कळेल. प्रतिपक्ष मूर्ख असेल तर त्याच्या हातून निसटण्यात पराक्रम कसला?

स्पर्धांबद्दल थोडंसंच. एका स्पर्धेत आम्हाला परीक्षक म्हणून नेलं होतं. गुणपत्रिकेत स्वच्छता, माहितीफलक, हुबेहूबपणा असे रकाने होते. एका किल्ल्यावर प्लास्टिकचा डायनासोर आणि उसाची ट्रॉली होती, त्याचे गुण कापायचं ठरलं. आम्ही त्या पोराला विचारलं, ट्रॉली कशाला? तो म्हणाला, गडावर दाणागोटा नको का न्यायला? त्या सबंध रांगेत रसदेचा विचार केलेला तो एकटाच किल्ला होता.

आणि किल्ला निवडतानाही सगळे रायगड, प्रतापगड, सिंहगड. आपल्या वाळवा तालुक्यात मच्छिंद्रगड उभा आहे, तो आम्ही अजून कुणाच्या अंगणात पाहिला नाही.

तर यंदा कुणाला करून बघायचं असेल तर अगदी सोपं आहे. अंगणाच्या एका टोकाला पन्हाळा, दुसऱ्या टोकाला विशाळगड, मध्ये दोन विटांची खिंड. सापशिडीतला फासा घ्या. पायदळाची चाल एक वीत, घोड्याची दोन. पण पाऊस आहे, म्हणून चिखलात घोड्याचीही एकच. खिंडीत जितके डाव तग धरला तितके गुण बाजीप्रभूंच्या बाजूला, मग तिथला शेवटचा मावळा पडला तरी चालेल. पन्हाळा गेल्याचे गुण जौहरला द्यायचे, ते नाकारायचे नाहीत. पंच म्हणून एखादी ताई बसवा. रात्रीचे डाव चालू असताना जौहरने किल्ल्याकडे पाठ करून बसायचं आणि पंच सांगेल तेवढंच ऐकायचं. मग ती सांगेल, दोन पालख्या निघाल्यात, एक मलकापूरच्या वाटेने, दुसरी आडवाटेने. कुठलीच्या मागे घोडे सोडतोस?