हवानाची चिरूट : हात आणि मुदत

हवानाच्या चिरुटा पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, ही तक्रार इतकी जुनी आहे की तिला गतकालात रमणाऱ्या रसिकांचा उसासा समजून बाजूला सारण्याचा मोह कोणालाही व्हावा. परंतु भरपूर दाम मोजून आणलेली चिरूट शिलगावल्यावर गाल दुखून येईपर्यंत ओढूनही जिच्यातून धूर येत नाही, अशी एक माझ्या वाट्याला आली, तेव्हा मी ती विझवून पातळ सुरीने उभी चिरली. वरचे पान, ज्याला क्यूबातले कारागीर ‘कापा’ म्हणतात, ते तुकतुकीत व रेशमासारखे होते. त्याखालचे बांधणीचे पानही निर्दोष होते. पण आत, टोकापासून दोन बोटांवर, गाभ्याची पाने पीळ बसून गाठीसारखी आवळली गेली होती आणि त्या गाठीतून नवसागरासारखा उग्र दर्प येत होता. गाठ हा हाताचा दोष होता, दर्प हा काळाचा.

या दोन दोषांतला भेद ध्यानात घेतल्यावाचून ऱ्हासाची चर्चा व्यर्थ होय. चिरुटेच्या गाभ्यात एकाच झाडाची तीन जातींची पाने असतात : बुडाजवळचे ‘वोलादो’ जळण्यास साह्य करते, मधले ‘सेको’ सुगंध देते, आणि शेंड्याचे जाड, तेलकट ‘लिहेरो’ कडकपणा आणते, हे शेवटचे सावकाश जळत असल्यामुळे बरोबर मध्यभागी बसवावे लागते. कसबी कारागीर प्रत्येक पान तळहातात नळीसारखे दुमडतो, म्हणजे धुराला वाट राहते. पाने वहीसारखी एकत्र मिटली तर काम लवकर उरकते, पण वाट बुजण्याचा धोका वाढतो. सोलापुरात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायांची बोटे ज्याने पाहिली असतील, त्याला किंचित अधिक दाबाने सारा जिन्नस कसा वाया जातो हे सांगावयास नको. आणि दर्पाचे म्हणाल तर, पाने ढिगात रचून आंबवताना अमोनिया निघून जातो व पुढे गठ्ठ्यांत मुरताना उरलासुरला उग्रपणा जातो. ही मुदत कोणत्याही हुकुमाने कमी होत नाही.

नेमकी हीच मुदत विसाव्या शतकाच्या अखेरीस कापली गेली. 1960 साली कारखाने सरकारजमा झाले, 1980 च्या सुमारास निळ्या बुरशीने बहुतेक पीक बुडविले, तरीही हे कसब तगले होते. पण 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळून खते व इंधन मिळेनासे झाले, आणि त्याच दशकात जगभर चिरुटांची एकाएकी मागणी उसळली. परकीय चलनाची निकड असलेल्या राज्यसत्तेने उत्पादन वाढविण्याचा आग्रह धरला. नवे कारखाने उघडले, आणि ज्यांची बोटे अजून तयार व्हावयाची होती असे शिकाऊ कारागीर पाटावर बसले. त्या वर्षांतला ऱ्हास खरा होता. नव्या शतकाच्या आरंभी कारखान्यांत ओढ मोजणारी यंत्रे आली, कापा चढविण्यापूर्वीच गाभा तपासला जाऊ लागला आणि गाठींची तक्रार पुष्कळ ओसरली.

मात्र तक्रार ओसरण्याचे सारे श्रेय यंत्राला देणे मला मान्य नाही. चिरुटेची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. कोहिबा या हवानाच्या छापाची ‘लान्सेरो’ अवघी 38 भागांची, म्हणजे सुमारे 15 मिलिमीटर, तर हल्ली 54 आणि 56 भागांच्या जाड चिरुटांची चलती आहे. जाड चिरुटेत धुराला वाट मुबलक असते. हाताची चूक तीत झाकून जाते. सडपातळ आकार एकामागून एक यादीतून गळाले, आणि ज्यांत कारागिराची खरी कसोटी लागे ते कामच दुर्मीळ झाले. हे नुकसान मला गाठीपेक्षा मोठे वाटते.

अलीकडचे संकट निराळे आहे. सप्टेंबर 2022 मध्ये ‘इयन’ वादळाने क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतातील पाने वाळविण्याची हजारो लाकडी घरे जमीनदोस्त केली. त्याच वर्षी कोहिबाचे भाव जगभर चढविण्यात आले. भाव एका दिवसात चढतो, पान मुरावयास वर्षे लागतात, म्हणून आजच्या पेटीकडे मी सावधपणेच पाहतो.

परंतु कला क्यूबाबरोबर बुडाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. देश सोडून गेलेल्या क्यूबन कुटुंबांनी आपले कसब निकाराग्वातील एस्तेली गावी रुजविले. होसे ओरलांदो पाद्रोन यांचा कारखाना 1970 साली तेथे गेला आणि यादवी व अमेरिकी निर्बंध सोसूनही टिकला. तिकडची एक बारीक चिरूटही मी त्याच सुरीने चिरली. पाने एकमेकांना न चिकटता बोरूंच्या जुडीसारखी सरळ पडलेली होती, लिहेरो मधोमध होते, आणि वास सुकलेल्या लाकडाचा व किंचित कोकोचा येत होता.