ग्रूट कॉन्स्टान्शिया : जतन केलेली वास्तू आणि अनुक्त कर्ता

‘घर बांधले गेले’ या वाक्यात घर आहे, बांधण्याची क्रिया आहे. कर्ता मात्र अनुक्त आहे. व्याकरणदृष्ट्या त्यात काही वावगे नाही. परंतु वास्तूंच्या जतनात हाच प्रयोग रूढ झाला, तर तो इतिहासाचा दोष ठरतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळ असलेला ग्रूट कॉन्स्टान्शिया हा द्राक्षमळा या दृष्टीने विचारार्ह आहे.

डच ईस्ट इंडिया कंपनीचा आयुक्त व ‘हॉर्टस मलबारिकस’ या वनस्पतिग्रंथाचा प्रवर्तक हेन्ड्रिक व्हान रेडे याने १६८५ मध्ये ही जमीन केपचा अधिकारी सिमॉन व्हान डेर स्टेल यास दिली. १७१२ मध्ये व्हान डेर स्टेल निवर्तल्यावर मळ्याचे विभाजन झाले. १७७८ मध्ये हेन्ड्रिक क्लूते याने मूळ घरासह एक भाग विकत घेतला आणि वास्तूस तिचे प्रसिद्ध रूप आले. चुन्याने रंगविलेल्या जाड भिंती, गवती छप्पर, मध्यद्वाराच्या दोन्ही अंगांस समतोल खिडक्या आणि द्वारावर उंचावलेली वळणदार कडांची शिखरभिंत, ही तिची लक्षणे होत. शिखरभिंतीतील कोनाड्यात समृद्धीची मूर्ती आहे. १७९१ च्या मद्यकोठाराच्या त्रिकोणी माथ्यावरील गॅनिमीडचे शिल्प आन्टोन आनरेइट याचे मानले जाते.

या शैलीस ‘केप डच’ म्हणतात. नावातील दोन पदे स्थळ आणि सत्ता सांगतात. श्रम सांगत नाहीत. मळ्याचे वैभव गुलामांच्या श्रमावर उभे होते. केपमध्ये आणलेल्या गुलामांत बंगाल, मलबार व कोरोमांडल येथील माणसे पुष्कळ होती. ‘व्हान बेंगालन’, ‘व्हान मलबार’ अशी त्यांची नोंद होई. म्हणजे व्यक्तीचे कुलनाम लोपून तिचा उगमप्रदेश तेवढा शिल्लक राही. विलक्षण गोष्ट अशी की, मूळ मालकाची आजी मोनिका हीही गोव्याच्या किनाऱ्यावरील पूर्वाश्रमीची दासी होती, असे मानले जाते. नातवाचे नाव मळ्याच्या संस्थापकाचे म्हणून राहिले. आजीच्या नावास मात्र गावाचाच आधार उरला.

१८८५ मध्ये केप वसाहतीच्या सरकारने मळा खरेदी केला. डिसेंबर १९२५ मधील आगीत घर जळाले, भिंती मात्र उभ्या राहिल्या. वास्तुविशारद एफ. के. केन्डल यांनी जीर्णोद्धार करताना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील रूप प्रमाण मानले. त्यांच्या कार्यामुळे वास्तू वाचली, हे निर्विवाद होय. परंतु कोणता काळ प्रमाण मानावा हा निर्णय केवळ तांत्रिक नसतो. मालकाच्या ऐश्वर्याचा क्षण प्रमाण ठरला, म्हणजे घर हे मालकाचे चरित्र होऊन बसते. आल्फ्रेड डे पास यांनी दिलेल्या जुन्या सामानसुमानाने दालने सजली, तेव्हा हे चरित्र अधिकच ठसठशीत झाले.

पुढे तेथील संग्रहालयाच्या मांडणीत गुलामगिरीच्या इतिहासास स्थान मिळाले, हे इष्टच झाले. तथापि कर्ता तळटीपेत येणे निराळे आणि वाक्यात येणे निराळे. दर्शनी शिखरभिंतीचे सौंदर्य सांगताना तिचा चुना कोणी मळला, हा प्रश्न त्याच ओळीत विचारला गेला पाहिजे. केपमध्ये गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली आणि सक्तीच्या उमेदवारीनंतर प्रत्यक्ष सुटका १८३८ मध्ये झाली. वास्तूच्या वर्णनातील कर्त्याची सुटका मात्र अद्याप पुरती झालेली नाही.