परवाना, निशाण आणि मालकी : सतराव्या शतकातील जप्त व्यापारी जहाजांच्या वादाची चिकित्सा

प्रस्तावना :
सतराव्या शतकातील अरबी समुद्राच्या इतिहासात ‘चाचेगिरी’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. कंपन्यांच्या वखारींतून लिहिल्या गेलेल्या पत्रव्यवहारातून तो आला आणि मराठी इतिहासलेखनातही फारशी चिकित्सा न होता रुळला. परिणामी, जहाज कोणी पकडले याची चर्चा होते. जहाज कोणाचे होते हा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखात ‘केदाह मर्चंट’ या जहाजाच्या वादाच्या आधारे या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे. तुलनेसाठी ‘रहीमी’ जहाजाचे प्रकरण आणि मराठी राजनीतीपर ग्रंथ ‘आज्ञापत्र’ विचारात घेतले आहेत.

परवान्याची व्यवस्था :
सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी हिंदी महासागरातील जहाजांवर ‘कार्ताझ’ या परवान्याची सक्ती केली. परवाना असलेले जहाज सुरक्षित, नसलेले जप्तीस पात्र, असा हा दंडक होता. पुढे इतर सागरी सत्तांनीही आपापले परवाने देण्यास सुरुवात केली. सावकाराच्या दृष्टीने परवाना म्हणजे पैसे मोजून विकत घेतलेले संरक्षण होते. तो दिल्याने मालकीचे हस्तांतर होत नसे.

तथापि हे संरक्षणही देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून होते. 1613 मध्ये पोर्तुगीजांनी ‘रहीमी’ हे जहाज पकडले. ते अकबराची पत्नी व जहांगीरची माता मरियम-उझ्-झमानी हिच्या मालकीचे होते आणि त्यावर पोर्तुगीजांचाच परवाना होता. येथे मालकी व परवाना या दोन्ही बाबी निर्विवाद असूनही जप्ती झाली. जहांगीरने पोर्तुगीजांच्या व्यापारावर निर्बंध घातले आणि संघर्ष दमणपर्यंत पोहोचला. राजमातेच्या मागे साम्राज्य उभे राहिले. सामान्य सावकाराला असा आधार नव्हता.

‘केदाह मर्चंट’चा वाद :
30 जानेवारी 1698 रोजी मलबार किनाऱ्याजवळ विल्यम किड याने ‘केदाह मर्चंट’ पकडले. हे जहाज बंगालहून सुरतेकडे परतत होते. त्यावर मलमल, रेशीम, साखर, अफू, लोखंड व सोरा असा माल होता. व्यापारी आर्मेनियन, मालातील काही हिस्सा मुघल दरबारातील मुखलिस खान याचा, कप्तान इंग्रज, गोलंदाज फ्रेंच आणि परवाना फ्रेंच कंपनीचा, अशी या एका जहाजाची रचना होती. ‘हे जहाज कोणाचे?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे अशक्य आहे, हे यातूनच स्पष्ट व्हावे.

किडजवळ इंग्लंडच्या सत्तेच्या सनदा होत्या. त्यांनुसार चाच्यांना व शत्रुराष्ट्र फ्रान्सच्या जहाजांना पकडण्याचा अधिकार त्यास होता. जहाजाला फसविण्यासाठी त्याने स्वतःच्या जहाजावर फ्रेंच निशाण चढविले आणि समोरून फ्रेंच परवाना पुढे येताच ते जहाज फ्रेंच ठरविले. येथे त्याच्या युक्तिवादातील दोष दिसतो. परवान्यावरून राष्ट्रीयत्व आणि राष्ट्रीयत्वावरून मालकी, अशा दोन पायऱ्या त्याने एकाच उडीत पार केल्या. शिवाय जहाज फ्रेंच मानले तरी जप्तीचा निवाडा सक्षम न्यायालयाकडून करून घेणे आवश्यक होते. किडने तसे न करता बराचसा माल किनाऱ्यावरच विकला.

दुसऱ्या बाजूने पाहता न्यायदानही निर्दोष नव्हते. मे 1701 मध्ये लंडनमध्ये खटला चालला तेव्हा किडने ज्यांवर भिस्त ठेवली होती ते फ्रेंच परवाने त्यास उपलब्ध झाले नाहीत. 23 मे 1701 रोजी त्यास फाशी देण्यात आले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हे परवाने लंडनच्या सरकारी दप्तरात सापडले. तेव्हापासून लेखकांचा एक वर्ग किडला निर्दोष ठरवू लागला. परंतु परवाना सापडल्याने खटल्यातील अन्याय सिद्ध होतो. जप्ती न्याय्य होती हे सिद्ध होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत हा या वादावरील लेखनाचा मुख्य दोष होय.

अधिक बोलका आहे तो संपत्तीचा शेवट. किडकडून सरकारजमा झालेली सुमारे साडेसहा हजार पौंडांची मालमत्ता पुढे ग्रीनिच येथील खलाशांच्या रुग्णालयास देण्यात आली. आरोपीला चाचा ठरविले, म्हणजे माल चोरीचा ठरला. चोरीचा माल मात्र मूळ धन्यास न जाता राज्याच्या मर्जीने वाटला गेला.

‘आज्ञापत्रा’तील भूमिका :
या पार्श्वभूमीवर 1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’तील आरमारविषयक प्रकरण लक्षणीय ठरते. कौल घेतलेल्या सावकाराच्या तरांड्यास उपद्रव देऊ नये, कौल नसलेल्या परमुलखी सावकारास दिलासा देऊन बंदरी आणावे आणि शत्रूच्या मुलखातील सावकारी जहाज जप्त झाल्यास हुजूर कळवून आज्ञेप्रमाणे वर्तन करावे, असा त्याचा आशय आहे. सावकार आणि शत्रू यांत भेद करण्याची व निर्णय जप्त करणाऱ्याच्या हाती न ठेवण्याची जाणीव त्यात आहे. अर्थात हा आदर्श आहे, आचरणाचा पुरावा नव्हे. त्यावरून मराठ्यांच्या प्रत्येक जप्तीचे समर्थन करणे हीदेखील एकांगी भूमिका ठरेल. मात्र छत्रपतींचे सरखेल असलेल्या कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांनी चाचा म्हणावे आणि आपल्या सनदधारकांना वेगळे लेखावे, यातील पक्षपात या ग्रंथामुळे उघड होतो.

प्रादेशिक संदर्भ :
समुद्रापासून दूर असलेल्या बुलडाणा जिल्ह्यालाही हा विषय परका नाही. मुघलकालीन वऱ्हाड सुभ्यात मेहकर हे सरकारचे ठाणे होते. मलकापूरच्या उत्तरेस असलेल्या बऱ्हाणपूरहून सुरतेकडे हमरस्ता जात असे. सुरतेचे भांडवल या मार्गाने देशावर फिरत होते. बंदरी एक जहाज बुडाले वा लुटले गेले, तर फटका केवळ जहाजाच्या धन्याला बसत नसे. उसनवारी, हुंडी व आगाऊ रकमांच्या साखळीतून तो अंतर्भागातील दलाल व कारागीर यांच्यापर्यंत पोहोचणे स्वाभाविक होते. न्यायालयीन कागदांत या घटकांना नाव नाही.

निष्कर्ष :
जप्त जहाजाच्या मालकीत नौकेचा धनी, मालाचा धनी, भांडवल पुरविणारा आणि परवाना देणारी सत्ता असे चार निरनिराळे हक्क गुंतलेले असतात. निशाण व परवाना यांवरून निर्णय देणारा लेखक नकळत जप्त करणाऱ्याचीच कसोटी स्वीकारतो. या घटनांचे अध्यापन करताना ‘चाचा कोण?’ याआधी ‘माल कोणाचा आणि तो कोणाकडे गेला?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवणे अगत्याचे आहे. त्याशिवाय सागरी इतिहास हा केवळ बलवानांच्या परस्परांवरील आरोपांचा इतिहास राहील.