फुगा रिकामा होतो, फुप्फुस होत नाही

श्वसनाचा धडा आला की काचेची हंडी, तिच्यात टांगलेले दोन फुगे आणि तळाला ताणून बांधलेला रबरी पडदा, ही आकृती फळ्यावर येतेच. पडदा खाली ओढला की फुगे फुगतात. हवा शिरते म्हणून छाती फुगत नाही, छाती फुगते म्हणून हवा शिरते, हे मुलांना पटवायला याहून सोपे साधन आम्हांला माहीत नाही.

हंडीची काच हलत नाही, बरगड्या हलतात. फुग्यांभोवती मोकळी जागा दिसते. प्रत्यक्षात फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये द्रवाचा पातळ थर तेवढा असतो. या उणिवा शिक्षक तोंडी भरून काढू शकतात. आमची खरी तक्रार वेगळी आहे. पडदा सोडला की फुगे लुळे पडतात, आणि उच्छ्वासानंतर फुप्फुसही असेच रिकामे होते ही समजूत मुलांच्या मनात घट्ट बसते.

प्रौढ माणूस शांतपणे श्वास घेतो तेव्हा सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत जाते. त्यातली १५० नळ्यांतच राहते, वायुकोशांपर्यंत पोचते ती ३५०. तिथे आधीच दोन-सव्वादोन लिटर हवा मुक्कामाला असते. म्हणजे एका श्वासात जेमतेम सहावा-सातवा हिस्सा बदलतो. म्हणूनच तर रक्तातला ऑक्सिजन दर श्वासागणिक वरखाली होत नाही!

मग येतो कॅनचा प्रयोग. खुणा केलेला पाच लिटरचा कॅन पाण्याने भरून टबात उपडा धरायचा, रबरी नळीतून एका दमात फुंकायचे आणि वहीत लिहायचे, 'फुप्फुसांची क्षमता'. इथे हंडीची चूक पक्की होते. जीव खाऊन फुंकले तरी प्रौढाच्या छातीत लिटर-सव्वा लिटर हवा उरतेच, आणि कॅनला ती दिसत नाही. ती मोजायला हेलियम मिसळलेली हवा श्वासावाटे देऊन तो किती विरळ झाला ते पाहावे लागते. कॅन मोजतो ती 'व्हायटल कपॅसिटी'. हे नाव लंडनच्या जॉन हचिन्सनने दिले. १८४६ साली त्याने दोन हजारांवर माणसांची मोजणी प्रसिद्ध केली. त्याचे यंत्रही पाण्यात उपडे ठेवलेले भांडेच होते. ही क्षमता उंचीबरोबर वाढते, हे त्याला तेव्हाच दिसले होते.

आम्हांला मात्र ते वर्गात आठवले नाही. आम्ही आकडे फळ्यावर ओळीने मांडले. सर्वांत ठेंगणी मुलगी शेवटची आली, कोणीतरी "हिची फुप्फुसं कमजोर" म्हणाले आणि वर्ग हसला. पुढच्या वेळी आम्ही प्रत्येकाची उंची मोजून आलेख काढला. (नळीचे तोंड दर मुलाला वेगळे द्यावे, दमा किंवा सर्दी असलेल्याला फुंकायला लावू नये.) तिचा बिंदू इतरांच्याच रांगेत पडला. रांगेच्या बराच खाली होता तो वर्गातल्या सर्वांत उंच मुलाचा. त्याने अर्ध्यातच नळी सोडली होती.