सरव्याचीं दोन चित्रें

पीक कापून नेल्यावर शेतांत जीं चुकार कणसें मागें राहतात त्यांस आपल्याकडे सरवा म्हणतात. तो वेचण्याचा गरिबांचा हक्क फ्रान्समध्येंहि फार जुना. या एकाच विषयावर तेथील दोघां चित्रकारांनीं दोन वर्षांच्या अंतरानें चित्रें प्रदर्शित केलीं. त्यांचें जें स्वागत झालें, त्यावरून चित्रकारांपेक्षां प्रेक्षकांचाच स्वभाव अधिक कळतो.

पहिलें चित्र झाँ फ्रांस्वा मिले याचें. तें पॅरिसच्या 'सालों' नामक सरकारी प्रदर्शनांत १८५७ सालीं मांडलें गेलें. चित्रांत तीन बायका आहेत. दोघी कमरेंत वांकून भुईवरचीं कणसें टिपीत आहेत. तिसरी आपली जुडी सांवरीत अर्धवट उठली आहे. तोंडें सावलींत आहेत. वांकलेल्या दोघींचीं डोकीं क्षितिजाच्या वर येतच नाहींत. दूर उन्हांत गंजी, भरलेली गाडी आणि घोड्यावर बसून देखरेख करणारा इसम. पीक तिकडे आहे. इकडे त्याचें उष्टें. १८४८ च्या क्रान्तीस तेव्हां दहा वर्षेंहि लोटलीं नव्हतीं. सुखवस्तु प्रेक्षकांपैकीं कित्येकांस या मुक्या बायकांत पुढील बंडाची चाहूल लागली.

दुसरें चित्र झ्यूल ब्रतों याचें, १८५९ चें. दिवस मावळत आहे, राखणदार हांक मारीत आहे, आणि सरवा वेचून बायका परतत आहेत. पाय अनवाणी, पण चाल राण्यांची. हें चित्र बादशहा तिसऱ्या नेपोलियननें घेतलें.

ब्रतोंवर खोटेपणाचा आरोप मी करणार नाहीं. तोहि खेड्यांतच जन्मला होता, आणि दिवसाअखेर गरीबहि ताठ चालतो. परंतु त्यानें काम संपल्यावरची घटका निवडली. मिलेनें काम चालू असतांनाची. सारा भेद येथें आहे. मिले हा नॉर्मंडींतील शेतकऱ्याचा मुलगा. तरुणपणीं त्यानें स्वतः शेतांत राबून पाहिलें होतें. त्याच्या चित्रांतील एकीनें जुडी धरलेला हात मागें पाठीवर टाकला आहे. वांकून वेचणारांस जवळून पाहिल्यावांचून ही लकब कोणास सुचावयाची नाहीं.

वर्गांत शिकवितांना मी पुष्कळ वर्षें या चित्रास 'करुण' म्हणत आलों. आतां तो शब्द मला सोयीचा, म्हणूनच संशयास्पद वाटतो. कीव केली म्हणजे आपलें कर्तव्य झालें असें पाहणारास वाटतें, आणि तो पुढें सरकतो. मिले कींवहि मागत नाहीं आणि फिर्यादहि करीत नाहीं; एका धान्याच्या मुठीसाठीं पाठीला किती वांकावें लागतें, एवढेंच तो अचूक दाखवितो. बादशहास जें चित्र घ्यावेंसें वाटलें तें सुंदर आहे. परंतु त्यांत हा हिशेब नाहीं.

आज दोन्ही चित्रें पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयांत आहेत. मिलेच्या चित्राच्या छापील प्रती पुष्कळ घरांत लागतात. ज्यांच्या भिंतीवर ती असेल त्यांनीं त्या तिसऱ्या बाईकडे पुन्हां एकदां नीट पाहावें. ती विसांव्यासाठीं उठलेली नाहीं. क्षणभरानें तिला पुन्हां वांकावयाचें आहे.