इशारा होता, मग तो 'नेमका' होता का?

गुप्तचर यंत्रणांच्या अपयशावर वाचायला लागलात की पहिलं नाव भेटतं रॉबर्टा वोलस्टेटर यांचं. पर्ल हार्बरवरच्या १९६२ च्या पुस्तकात त्या म्हणतात, माहिती कमी नव्हती, खरे संकेत गोंगाटात बुडाले. एरिक डाल यांचं २०१३ चं 'इंटेलिजन्स अँड सरप्राइज अटॅक' थेट या मांडणीला भिडतं. सगळे अभ्यास फसलेल्या प्रकरणांचेच का, हा त्यांचा प्रश्न. म्हणून ते पर्ल हार्बरशेजारी मिडवे ठेवतात आणि १९९८ च्या पूर्व आफ्रिकेतल्या दूतावास-स्फोटांशेजारी १९९३ चा न्यूयॉर्कमधला उधळलेला कट. निष्कर्ष असा: ढोबळ इशाऱ्याने काही होत नाही. माहिती नेमकी हवी, आणि ती ऐकून घेणारा निर्णयकर्ताही हवा.

पद्धत म्हणून हे झकास आहे. निकाल बघून केस निवडायची आपली खोड यातून सुटते.

पण 'नेमकी' म्हणजे किती नेमकी? इथे पुस्तक मला लंगडं वाटतं. २६/११ घ्या. समुद्रमार्गाचे आणि ताजचे इशारे आधी आलेले होते. ताजने सुरक्षा वाढवलीही होती, पण हल्ल्याआधी ती सैल झाली, हे रतन टाटांनीच नंतर सांगितलं. म्हणजे ठिकाण होतं, ऐकणारा होता, तारीख नव्हती. हल्ला टळला असता तर हाच इशारा आपण 'नेमका' म्हटला असता. झाला, म्हणून 'ढोबळ'. हे तर गोल गोल फिरणं झालं!

आणि तिसरा कप्पा रिकामाच राहतो: इशारा आला, बंदोबस्त लावला, काहीच घडलं नाही. 'लांडगा आला रे आला' असं महिनोन्‌महिने ऐकल्यावर कुठलं हॉटेल दारं बंद ठेवील? सुरक्षा सैल का होते, याचं उत्तर या कप्प्यात आहे. तो मिळवणं मात्र महाकठीण. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ मुळे आयबी आणि रॉ बहुतांशी बाहेरच राहतात. उरतात न्यायालयाचे निकाल, समित्यांचे अहवाल आणि संसदेतली उत्तरं.

तेव्हा या विषयावर प्रपोजल लिहीत असाल तर एक करा. ठिकाण, लक्ष्य, वेळ, पद्धत यांपैकी किती गोष्टी कळल्या तर इशारा 'नेमका', हे आधी कागदावर ठरवा. मग इशाऱ्यांचं कोडिंग अशा मित्राकडून करून घ्या, ज्याला पुढे काय झालं ते माहीत नाही.