शब्दांचें औषध आणि अंकांचें माप

वाङ्मयाच्या मासिकांत वैद्यकीय अहवालाचें परीक्षण कशासाठीं, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांस पडेल, आणि तो रास्तहि आहे. परंतु ज्या उपचारांत काढा नाहीं, गोळी नाहीं, शस्त्र नाहीं. रोग्यानें बोलावें, उपचारकानें ऐकावें आणि मधून मधून दोन शब्द बोलावे एवढीच ज्याची सामग्री, त्याचा न्याय होत असतां भाषेच्या उपासकांनीं अगदींच गप्प बसावें असें आम्हांस वाटत नाहीं.

नैराश्यानें ग्रासलेल्या किशोरवयीन मुलांना अशा बोलण्याचा कितपत गुण येतो, हें पाहण्यासाठीं इंग्लंडांत झालेला एक मोठा प्रयोग ‘इम्पॅक्ट’ या नांवानें ओळखला जातो. केंब्रिजचे प्राध्यापक इयन गुडयर व त्यांचे सहकारी यांनीं त्याचा निष्कर्ष २०१७ सालीं ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकांत छापला. ११ ते १७ वर्षें वयाचीं ४६५ मुलें. सर्वांचा आजार मध्यम ते तीव्र. त्यांचे यदृच्छेनें तीन गट पाडले. एकास विचार व वर्तन यांचें वळण बदलूं पाहणारा उपचार, ज्यास ‘सीबीटी’ म्हणतात. दुसऱ्यास फ्रॉइडच्या परंपरेंतील अल्पकालीन मनोविश्लेषण. तिसऱ्यास केवळ ‘अल्प मनोसामाजिक साहाय्य’. या तिसऱ्यांत आजाराची नीट माहिती द्यावयाची, झोप, शाळा, मित्र, दिनक्रम यांची चौकशी करावयाची आणि अडचणींतून व्यवहाराची वाट काढावयाची. विचारांची उलटतपासणी नाहीं कीं अंतर्मनाचा उलगडा नाहीं.

निकाल असा लागला कीं, ८६ आठवड्यांनीं तिन्ही गटांतील मुलांचीं लक्षणें सरासरीनें सुमारें निम्म्यानें उतरलीं, आणि पहिल्या दोन विशेष उपचारांस तिसऱ्या साध्या साहाय्यावर मात करतां आली नाहीं. खर्चांतहि लक्षणीय फरक निघाला नाहीं.

या अहवालाचा प्रामाणिकपणा आम्हांस मनापासून आवडला. एरव्हीं एकमेकांचें तोंड न पाहणाऱ्या संप्रदायांचे पंडित येथें एका मांडवांत बसले, आणि निकाल कोणाच्याच पदरांत जय टाकीना तेव्हां तो जसाच्या तसा छापला. दोष सांगावयाचा तर हा कीं, ज्यास कांहींच उपचार मिळाला नाहीं असा गट येथें नाहीं. इतक्या आजारी मुलांना तसेंच ठेवणें निर्दयपणाचें झालें असतें, हें उघड आहे. पण त्यामुळें ओसरलेली पीडा किती बोलण्यानें ओसरली आणि किती नुसत्या काळानें, हें या आंकड्यांवरून सांगतां येत नाहीं. शिवाय कांहीं मुलांस औषधहि चालू होतें.

याहून मोठी गोष्ट बैठकींच्या संख्येंत दडलेली आहे. सीबीटीच्या २० पर्यंत बैठकी योजिल्या होत्या, मनोविश्लेषणाच्या २८, साध्या साहाय्याच्या १२. प्रत्यक्षांत मुलें जितक्या बैठकींस आलीं त्यांचा मध्यांक अनुक्रमें ९, ११ व ६. म्हणजे पंगतीस वाढलें भरपूर, परंतु पुष्कळ जण अर्ध्या जेवणांतून उठले. मग तुलना झाली ती तीन पद्धतींची कीं तीन अर्धवट राहिलेल्या पद्धतींची? ‘तिन्ही सारखेच, तेव्हां आंखूड असेल तें घ्या’ असा जो अर्थ कित्येकांनीं या प्रयोगांतून काढला, तो आम्हांस घाईचा वाटतो.

मुलें उठलीं कां, हें मुख्य अहवालास विचारून उपयोग नाहीं. तें मुलांसच विचारावें लागतें. सुदैवानें तसें विचारणारेहि या प्रयोगांत होते. निक मिजली यांच्या मार्गदर्शनाखालीं कांहीं मुलांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या गेल्या, आणि २०१९ सालीं सॅली ओकीफ यांनीं त्यांच्या आधारें उपचार मध्येंच सोडणाऱ्यांचे तीन प्रकार दाखविले. कांहीं असमाधानानें गेलीं. कांहींना हवें तें मिळालें म्हणून गेलीं. आणि कांहींचें आयुष्यच इतकें डळमळीत होतें कीं, ठरल्या वेळीं ठरल्या खोलींत येऊन बसणेंहि त्यांस जमलें नाहीं. आंकड्यांच्या कोष्टकांत हीं तिघेंहि एकाच रकान्यांत पडतात! बरें होऊन घरीं गेलेला मुलगा आणि विटून घरीं गेलेली मुलगी यांस एकच नांव देणारें कोष्टक चुकीचें नसेल. मुकें मात्र खास आहे.

याच मुलाखतींवर आधारलेला २०१५ सालचा एक निबंध आम्हांस मुख्य अहवालापेक्षांहि मोलाचा वाटला. उपचारापूर्वीं ७७ मुलांनीं आपल्या दुःखाविषयीं जें सांगितलें तें त्यांत आहे. रडणें आहे, एकटेपणा आहे, शाळेचा विचका आहे. परंतु संताप आणि स्वतःस व इतरांस इजा करण्याची ओढ हींहि ठळकपणें आहेत. नैराश्य म्हणजे कोपऱ्यांत मुळूमुळू रडणें, ही आपली समजूत येथें कोलमडते. दारें आपटणाऱ्या मुलास आपण उद्धट म्हणतों, आजारी म्हणत नाहीं.

इंग्लंडांतील मुलांचें झालें. इकडे काय, असें वाचक म्हणतील. गोव्यांतील ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनीं दिल्लीच्या सहा सरकारी शाळांत केलेला एक प्रयोग २०२० सालीं प्रसिद्ध झाला. तो केवळ नैराश्याचा नव्हता, मनाच्या सर्वसाधारण व्याधींचा होता. पण आमच्या मुद्द्याशीं त्याचा थेट संबंध आहे. २५१ विद्यार्थी, सर्वांस अडचणी सोडविण्याच्या पुस्तिका दिल्या, आणि निम्म्यांस त्यांच्या जोडीला मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांशीं बोलावयास मिळालें. मापें दोन होतीं. एकांत मूल आपल्या मुख्य अडचणी स्वतःच्या शब्दांत सांगतें आणि त्या किती छळतात तें अंकानें दाखवितें; दुसरें म्हणजे लक्षणांची तयार प्रश्नावली. सहा आठवड्यांनीं पहिल्या मापावर समुपदेशनाचा गुण दिसला, दुसऱ्यावर दिसला नाहीं. उपचारच त्या अडचणींवर बेतलेला, तेव्हां तेथें गुण दिसणें सोपें, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो आम्ही खोडून काढूं शकत नाहीं. तरी मुलाच्या तोंडचें वाक्य हेंहि शास्त्राचें माप होऊं शकतें, एवढें या प्रयोगानें दाखविलें, हें आमच्या मतें थोडें नव्हे.

मराठींत हें काम करूं इच्छिणाऱ्यांस अडचण येथेंच येणार आहे. पंधरा वर्षांच्या मुलास ‘तुला नैराश्य वाटतें काय?’ असें विचारलें, तर तो ‘नाहीं’ म्हणून मोकळा होईल. तो शब्द त्यानें वर्तमानपत्रांत वाचलेला असतो, घरांत ऐकलेला नसतो. ‘कशांत मन लागत नाहीं’, ‘नको वाटतं’, ‘डोकं दुखतंय’, ‘मला कोणी बोलूं नका’ हीं त्याचीं वाक्यें. कोल्हापूरकडील मुलगी तीं एका तऱ्हेनें बोलेल, नागपूरकडील दुसऱ्या. अशीं वाक्यें आधीं शाळाशाळांतून हिंडून वेंचावीं लागतील, आणि इंग्रजी प्रश्नावलीचें भाषांतर त्यांच्याशीं ताडून पाहावें लागेल. तें काम डॉक्टरांचें जितकें आहे तितकेंच ज्यांस बोली ठाऊक आहेत अशा मराठीच्या शिक्षकांचें आहे.